किती क्लिक फिरवायचे? नेमबाजीचा स्कोप आणि मोजमापातल्या चुका

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीत 44 गोळ्या, एकूण 451.4 गुण. भागाकार करून बघा, गोळीमागे सरासरी 10.26 येते. या प्रकारात गोळी केंद्रापासून आणखी 8 मिलिमीटर सरकली की एक पूर्ण गुण जातो. 50 मीटरवरचे 8 मिलिमीटर म्हणजे कोनाच्या भाषेत साधारण अर्धं मिनिट. बी.एस्सी.ला आपण ज्या स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजतो, त्याचा लीस्ट काउंट बहुतेक कॉलेजांत एक मिनिट असतो. म्हणजे टेबलावर घट्ट बसवलेल्या यंत्रावर आपण जेवढं वाचू शकतो, त्याच्या निम्म्या कोनावर इथे एक गुण ठरतो. तेही गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून.

एवढ्या बारीक कोनावर काम करणाऱ्या माणसाकडे कोन दुरुस्त करायचं साधन लागणारच. ऑलिंपिकच्या रायफलवर दुर्बीण चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राची साइट असते आणि तिला दोन बटणं असतात. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत रायफलवर दुर्बीण, म्हणजे स्कोप बसवतात. त्याच्यावरच्या फिरत्या बटणांना टरेट म्हणतात. दोन्हीकडे काम एकच: नेमाची रेषा आणि गोळीचा मार्ग यांची गाठ घालणं.

आज हा टरेट समजून घेऊ. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच प्रयोगशाळेत पाऊल टाकलेल्या मित्रांसाठी हा विषय मुद्दाम निवडलाय. सिस्टिमॅटिक एरर आणि रँडम एरर यांची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण यंत्राचं बटण हाताखाली आलं की कोणत्या चुकीवर ते फिरवायचं आणि कोणत्या चुकीवर हात बांधून बसायचं, हे पुष्कळांना सुचत नाही. टरेटवर ते लगेच दिसतं.

टरेट आत काय करतो?

स्कोपवर सहसा दोन मुख्य टरेट असतात. वरचा एलिव्हेशनचा, तो गोळीचा ठसा वर-खाली नेतो. बाजूचा विंडेजचा, तो डावी-उजवीकडे नेतो. फिरवताना टक-टक आवाज येतो आणि बोटाला अडखळल्यासारखं लागतं. त्या एका टप्प्याला क्लिक म्हणतात.

स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. प्रतिमा सरळ करणारी भिंगं तिच्यात असतात. एका बाजूने स्प्रिंग तिला ढकलते, समोरून टरेटचा स्क्रू तिला अडवून धरतो. स्क्रू फिरवला की आतली नळी किंचित कलते आणि नेमाची रेषा बंदुकीच्या नळीच्या तुलनेत किंचित वळते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. टरेट गोळीला काहीच करत नाही. 'वर' फिरवला की नेमाची रेषा नळीच्या मानाने खाली कलते. मग फुली पुन्हा टार्गेटवर आणण्यासाठी नेमबाजाला नळी थोडी उचलावी लागते आणि म्हणून गोळी वर लागते. आपण बदलतो ते आपलं वाचन, निसर्ग नाही. प्रयोगशाळेतही दुरुस्तीचं बटण नमुन्याला हात लावत नाही, ते फक्त आपली पट्टी सरकवतं.

क्लिक म्हणजे कोन, सेंटिमीटर नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. क्लिक हे कोनाचं माप आहे. त्याची दोन एककं चालतात.

पहिलं मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. नेमबाज त्याला एमओए म्हणतात. 100 मीटरवर एक मिनिट म्हणजे 2.91 सेंटिमीटर. बऱ्याच स्कोपवर एक क्लिक पाव मिनिटाचा असतो, म्हणजे 100 मीटरवर 0.73 सेंटिमीटर.

दुसरं मिल, म्हणजे एका रेडियनचा हजारावा भाग. 100 मीटरवर एक मिल म्हणजे बरोबर 10 सेंटिमीटर. क्लिक सहसा 0.1 मिलचा, म्हणजे 100 मीटरवर 1 सेंटिमीटर.

लहान कोनासाठी चाप = अंतर × कोन, एवढंच सूत्र इथे पुरतं. आता उदाहरण घ्या. गोळ्या 6 सेंटिमीटर खाली लागतायत. 0.1 मिलच्या टरेटवर किती क्लिक? 'सहा' असं पटकन म्हणाल, पण मी अजून अंतर सांगितलेलं नाही. 100 मीटरवर सहा, 200 वर तीन, 300 वर दोन. सेंटिमीटर तेच, क्लिक वेगळे.

पाव मिनिटाच्या टरेटवर 100 मीटरला तेच गणित 6 भागिले 0.727, म्हणजे 8.25 क्लिक. सव्वाआठ क्लिक फिरत नाहीत, आठच फिरतात. उरलेले दोन-एक मिलिमीटर यंत्राच्या लीस्ट काउंटखाली गेले, त्यांच्यामागे धावायचं नाही.

काही स्कोपमध्ये आतली फुली मिलमध्ये आखलेली असते आणि टरेट मिनिटात फिरतो. फुलीवर '1 खाली' वाचलं आणि टरेटवर '1 वर' फिरवलं, तर हिशेब चुकलाच. एक मिल म्हणजे 3.44 मिनिटं. डेटा एका एककात आणि दुरुस्ती दुसऱ्या एककात, हा प्रकार आपल्या क्षेत्रातही नवा नाही. अंश आणि रेडियन, इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ज्यूल, टॉर आणि पास्कल. वहीत आकडा लिहिताना एकक त्याच ओळीत लिहा, 'नंतर लिहू' म्हणू नका.

प्रत्येक अंतराला वेगळा आकडा का?

क्लिक सरळ रेषेत वाढतात, गोळी मात्र वक्र मार्गाने जाते. 50 मीटरच्या प्रकारात वापरायची .22 ची गोळी ढोबळमानाने 0.16 सेकंदात टार्गेटवर पोचते. अर्धा जी टी वर्ग लावा: 0.5 × 9.8 × 0.0256, म्हणजे सुमारे 12.5 सेंटिमीटर. इतक्या लहान अंतरातही गोळी नळीच्या सरळ रेषेपासून ओंजळभर खाली येते. म्हणून नळी मुळातच नेमाच्या रेषेशी थोडी वर रोखलेली असते, इथे साधारण अडीच मिल.

हवेचा रोध बाजूला ठेवून अंतर दुप्पट करा. वेळ दुप्पट, घसरण चौपट, म्हणजे 50 सेंटिमीटर. पण अंतरही दुप्पट झालं, म्हणून लागणारा कोन चौपट न होता दुप्पट झाला, पाच मिल. हवेचा रोध धरला तर गोळी मंदावत जाते आणि कोन त्याहून जास्त लागतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे नेमबाज आधी एका ठरलेल्या अंतरावर 'झिरो' करतात, म्हणजे नेम आणि ठसा जुळवून टरेटवर तिथे शून्य मांडतात. पुढच्या प्रत्येक अंतरासाठी त्या शून्यापासून किती क्लिक, याचा तक्ता बनवतात.

झिरो एका अंतराचा असतो, एका प्रकारच्या गोळीचा असतो. गोळीचा लॉट बदलला की तो पुन्हा तपासावा लागतो. तुमच्या उपकरणाचं कॅलिब्रेशनही असंच कोणत्यातरी परिस्थितीतलं असतं. ती परिस्थिती लिहून ठेवली नसेल, तर वहीतला तो आकडा पुढच्या माणसाच्या कामाचा नाही.

एक गोळी बघून टरेट फिरवायचा नाही

आता मुद्द्याची गोष्ट. 100 मीटरवर एकाच नेमाने पाच गोळ्या मारल्या. केंद्रापासूनची उभी अंतरं मिलिमीटरमध्ये अशी आली, उणे म्हणजे खाली:

−38, −12, −27, −19, −34

पहिली गोळी 38 मिलिमीटर खाली. 0.1 मिलचा क्लिक इथे 10 मिलिमीटरचा. हात शिवशिवतो, चार क्लिक वर फिरवून टाकावे. थांबा.

पाचांची सरासरी −26. स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे 10.7 मिलिमीटर. सरासरीतली अनिश्चितता काढायला त्याला पाचच्या वर्गमुळाने भागा, सुमारे 4.8. म्हणजे ठशाचं केंद्र −26 ± 5 वर आहे. दुरुस्ती 2.6 क्लिकची, म्हणून तीन क्लिक वर. नवं केंद्र +4 च्या आसपास येईल आणि ते अनिश्चिततेच्या आत आहे. पहिल्या गोळीवर विसंबून चार क्लिक फिरवले असते, तर केंद्र +14 वर गेलं असतं. चूक खालून वर गेली असती, गेली नसती.

या पाच गोळ्यांत दोन वेगळ्या चुका आहेत. केंद्र 26 मिलिमीटर खाली असणं ही सिस्टिमॅटिक एरर, तिच्यावर टरेट हे औषध. गोळ्या एकमेकींपासून 10-11 मिलिमीटरने पसरणं ही रँडम एरर, तिच्यावर टरेटचं औषध चालत नाही. श्वास, ट्रिगरवरचं बोट, गोळ्यांमधला बारीक फरक, नळी: पसारा तिथून येतो आणि कमी करायचा तर तिथेच काम करावं लागतं. टरेट ग्रुप सरकवतो, ग्रुप आवळत नाही.

मग प्रत्येक गोळीनंतर थोडं-थोडं फिरवत गेलं तर? दरवेळी मागच्या गोळीची पूर्ण चूक उलट दिशेने फिरवली, तर पसारा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. व्हेरियन्स दुप्पट होतो, स्टँडर्ड डेव्हिएशन 1.41 पट. आपले 10.7 मिलिमीटर 15 वर जातील. कारण सोपं आहे: नव्या गोळीत तिची स्वतःची रँडम चूक असतेच, वर मागच्या गोळीची चूकही तुम्ही बटणातून तिच्यात घातलेली असते. गुणवत्ता-नियंत्रणाचे जाणकार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हेच नरसाळ्यातून गोट्या सोडून दाखवायचे. स्थिर प्रक्रियेत विनाकारण हात घालणारा माणूसच तिला अस्थिर करतो.

प्रयोगशाळेत याचं रूप असं असतं. एक रीडिंग अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की लगेच गेन बदलायचा, तापमान बदलायचं, नमुना पुन्हा बसवायचा. संध्याकाळी हातात दहा रीडिंग असतात आणि दहाही वेगवेगळ्या परिस्थितीतली. त्यांची सरासरी काढता येत नाही आणि पसाराही सांगता येत नाही. त्यापेक्षा काहीही न हलवता पाच रीडिंग घ्या, मग ठरवा.

क्लिक खरं बोलतोय का?

टरेटवर 0.1 मिल लिहिलंय म्हणून तो तेवढाच फिरतो असं नाही. तपासायची रीत सरळ आहे. टेपने बरोबर 100 मीटर मोजा. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा. खालच्या खुणेवर नेम धरून एक ग्रुप मारा. मग टरेट 50 क्लिक वर फिरवा आणि नेम त्याच खुणेवर ठेवून दुसरा ग्रुप मारा. दोन्ही ग्रुपच्या केंद्रांत 50 सेंटिमीटर अंतर यायला हवं. शेवटी टरेट परत शून्यावर आणून तिसरा ग्रुप मारा. या कागदावर तीन वेगळे दोष वाचता येतात.

अंतर 50 ऐवजी 49 आलं, तर क्लिक दोन टक्क्यांनी लहान आहे. ही गुणाकाराची चूक. जवळच्या अंतरावर ती कळतही नाही, पण क्लिक जितके जास्त तितकी ती वाढते.

तिसरा ग्रुप पहिल्यावर बसला नाही, तर स्क्रूत बॅकलॅश आहे किंवा आतली नळी कुठेतरी अडकते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आठवा. स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत रीडिंगवर यायचं, ही सूचना याच दोषासाठी असते.

दुसरा ग्रुप वर गेला पण उभ्या रेघेपासून बाजूलाही सरकला, तर स्कोप रायफलवर तिरका बसलाय. फक्त 3 अंश तिरका असला तरी 50 सेंटिमीटरला 2.6 सेंटिमीटर बाजूला जातात. एक बटण फिरवलं आणि दोन गोष्टी बदलल्या.

माझ्यासारखे एक्स-रे डिफ्रॅक्शनवर काम करणारे हे तिन्ही दोष वेगळ्या नावांनी ओळखतात. म्हणून नमुन्याआधी सिलिकॉनची प्रमाण पावडर चालवायची. तांब्याच्या के-अल्फा किरणांवर तिचं पहिलं शिखर 28.44 अंशांवर यायला हवं. ते सरकलेलं दिसलं तर झिरो शिफ्ट असू शकतो, नमुन्याची उंची चुकलेली असू शकते. फक्त एक शिखर बघून या दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. लांबवरची शिखरंही बघावी लागतात, जसं टरेटसाठी 50 क्लिक फिरवून बघावं लागतं.

कोन मोजणारं यंत्रच वाकलं तर?

कोनाच्या बारीक मोजणीचा एक मोठा इतिहास आपल्या वऱ्हाडाला लागून आहे. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासहून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी त्याच्या हयातीत एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरापर्यंत पोचली. नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याचं मुख्य यंत्र अर्ध्या टनाच्या आसपासचं थिओडोलाइट, आडवं वर्तुळ 36 इंचांचं. 1808 मध्ये तंजावरला ते मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने ते स्वतः खपून पुन्हा आकाराला आणलं आणि पुढची मोजणी त्याच्यावरच झाली.

दुरुस्त केलेल्या वर्तुळाच्या खुणा सगळीकडे अगदी सारख्या असतील, याची खात्री कोण देणार? अशा वेळी सर्वेक्षणात एक युक्ती वापरतात. तोच कोन वर्तुळाचं शून्य वेगवेगळ्या ठिकाणी धरून पुन्हा-पुन्हा मोजायचा. एका भागात खूण पुढे असेल तर दुसऱ्या भागात मागे असते, सरासरीत बरंचसं फिटतं. बटणाने न जाणारी सिस्टिमॅटिक एरर अशी मोजणीची मांडणी बदलून रँडमसारखी करून घेतात. संशोधनाचा आराखडा लिहिताना नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा असं मार्गदर्शक सांगतात, त्यामागे हाच विचार आहे.

वारा आणि सरावाच्या गोळ्या

विंडेजचा टरेट वाऱ्यासाठी आहे, पण वारा स्थिर नसतो. 50 मीटरच्या रेंजवर छोटी निशाणं लावलेली असतात. नेमबाज ती बघून ठरवतो: क्लिक फिरवायचा, नेम थोडा बाजूला धरायचा, की वारा पूर्वीसारखा होईपर्यंत थांबायचं. ही वेळेनुसार सरकणारी चूक आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी प्रयोगशाळेचं तापमान जसं चढतं, तशी. तिच्यावर उपाय एकच, निशाण लावा. प्रत्येक रीडिंगसोबत वेळ आणि तापमान लिहा. लिहिलेलं असेल तरच ते नंतर हिशेबात धरता येतं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्पर्धेत आधी सरावाच्या गोळ्यांना वेळ देतात. त्या मोजत नाहीत. हवं तेवढं टरेट फिरवा, झिरो जुळवा. पण एकदा मोजणी सुरू झाली की प्रत्येक गोळी लागू. क्लिक त्यानंतरही फिरवता येतो, पण मारलेली गोळी परत घेता येत नाही. कुसाळेच्या 451.4 मध्ये उभ्या स्थितीतल्या अखेरच्या टप्प्यातली 9.4 ची गोळीसुद्धा आहे. ती धरूनच ते कांस्य आहे.

संशोधनातही सराव आणि मोजणी यांच्यामध्ये रेघ मारावी लागते आणि ती निकाल दिसण्याआधी मारावी लागते. पायलट रीडिंग किती, मुख्य रीडिंग कुठून सुरू, कोणत्या कारणाने रीडिंग रद्द होईल, हे तारीख टाकून वहीत लिहा. 'हा पॉइंट बाहेर गेलाय, तो सरावातला होता' असं आलेख काढल्यावर म्हणायची सोय कुणालाच नको. बाहेर गेलेल्या बिंदूचं कारण सापडलं तर कारणासह लिहा. नाही सापडलं तर तो आलेखात राहू द्या, एरर बार थोडा मोठा दिसेल. परीक्षक मोठ्या एरर बारचं कारण विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर असेल.

करून बघा

200 मीटर अंतर, पाव मिनिटाचा टरेट. पाच गोळ्यांची आडवी अंतरं सेंटिमीटरमध्ये, अधिक म्हणजे उजवीकडे: +7, +3, +6, +2, +7. विंडेज किती क्लिक आणि कुठे? दुरुस्तीनंतर पुढच्या पाच गोळ्यांचं केंद्र +0.6 आलं, पसारा आधीइतकाच. आता काय कराल?

उत्तर: सरासरी +5.0, अनिश्चितता सुमारे 1. एक क्लिक 1.45 सेंटिमीटरचा, भागाकार 3.44, म्हणून तीन क्लिक डावीकडे. दुसऱ्या ग्रुपनंतर +0.6 हे अनिश्चिततेच्या आत आहे आणि अर्ध्या क्लिकपेक्षाही कमी आहे. टरेटला हात लावायचा नाही. पसारा कमी करायचा असेल तर श्वास आणि ट्रिगरवर काम करायचं.

रायफलचा प्रत्यक्ष सराव रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच होतो. हे गणित करायला मात्र कागद आणि पेन्सिल पुरते. उद्या प्रयोगशाळेत गेलात की एवढंच करा: तुमच्या यंत्रावरचं जे बटण तुम्ही सगळ्यात जास्त फिरवता, त्याचा एक 'क्लिक' किती आणि तो शेवटचा कुणी, कधी तपासला, ते वहीत शोधा. सापडलं नाही, तर आठवड्याचं पहिलं काम ठरलं.